पंडिता रमाबाई आणि मुक्तीतील मागे राहिलेली लेकरे

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर मराठी मुलखात शोधून सापडायचे नाही. एप्रिल महिना आला, त्यांचा स्मृतिदिन जवळ आला की शब्बाथ शाळेत त्यांची गोष्ट सांगितली जाते. संस्कृत पंडिता, विधवांच्या कैवारी, दुष्काळातील मुलींची आई आणि पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या विदुषी, हे चार मुद्दे फळ्यावर लिहून झाले की तास संपतो. चारही मुद्दे खरे आहेत. परंतु केडगावच्या मुक्ती सदनात अशाही मुली व स्त्रिया राहत होत्या की ज्या पुढे शिक्षिका झाल्या नाहीत, परिचारिका झाल्या नाहीत, बायबल स्त्री म्हणून गावोगाव गेल्या नाहीत. काहींना आपले नावसुद्धा लिहिता आले नाही. त्यांच्याविषयी चरित्रकार एखादे वाक्य लिहितात व पुढे जातात. वाचकहो, या लेखात आम्ही रमाबाईंचे चरित्र त्या मागे राहिलेल्या लेकरांच्या बाजूने सांगणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, रानातल्या एका आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या तेव्हाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. त्यांना वेताच्या पेटीत घालून हमालाच्या डोक्यावर देऊन डोंगराखाली आणले. पुढची सोळा-सतरा वर्षे घर असे कुठे नव्हतेच. देवळात किंवा धर्मशाळेत मुक्काम करावा, पुराण सांगावे, मिळेल त्यावर गुजराण करावी. बाराव्या वर्षापर्यंत या मुलीचे भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. अशी स्मरणशक्ती लाखांत एखाद्याला मिळते.

त्याच १८५८ साली ब्रिटिश सरकारने वेड्यांच्या इस्पितळांविषयी एक कायदा केला. त्यात मनाचा आजार जडलेला मनुष्य आणि जन्मापासून बुद्धीची वाढच न झालेला मनुष्य, या दोघांना एकाच शब्दात कोंबले होते. १९१२ साली नवा कायदा आला, पण व्याख्या तीच राहिली. आपल्या मध्य प्रांतासाठी १८६४ मध्ये नागपूरला असे इस्पितळ निघाले. म्हणजे ज्या लेकराला काही आजार नाही, ज्याला फक्त बोलायला, चालायला, समजायला इतरांपेक्षा उशीर लागतो, त्याच्यासाठी सरकारजवळ वेड्यांच्या इस्पितळापलीकडे जागा नव्हती. बाकी सर्व भार घरावर, आणि घरात बहुधा आईवर. मनाचा आजार औषधाने बरा होऊ शकतो. बुद्धीची वाढ कमी असणे हा आजार नव्हे, त्याला औषध नाही. त्याला शिकवणे लागते आणि माणसे लागतात. ही गल्लत आजही आपल्या गावांतून होते, म्हणून शिक्षकांनी हा भेद नीट ध्यानात ठेवावा.

रमाबाईंच्या तारुण्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. खायला अन्न नाही, आणि उच्च कुळातले म्हणून मोलमजुरी करायची तर लाज. अशा स्थितीत काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांचे मूल, आणि पुढे अख्खा जन्म. त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणाविषयीच्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. स्त्रियांना स्त्री वैद्य हवी हे त्यांचे म्हणणे होते, म्हणून १८८३ साली स्वतःच वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे त्यांचा मनोरथ मोडला, आणि मोडला तो कानांमुळे. त्यांना ऐकू कमी येत होते. व्याख्याने ऐकून वैद्यकी शिकणे अशक्य ठरले. हे बहिरेपण पुढे आयुष्यभर त्यांच्या सोबतीला राहिले. श्लोक ऐकून ऐकून ज्यांनी विद्या मिळवली त्या पंडितेचे ऐकणेच हळूहळू गेले! आपल्या चरित्रकथनात हा भाग बहुधा गाळला जातो. आमच्या मते तो गाळू नये. चार लोकांच्या बैठकीत सगळे हसतात आणि आपल्याला का ते समजत नाही, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला मागे राहिलेल्याचे दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही.

इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात एक आश्रयगृह चालवले होते. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले होते अशा स्त्रिया तेथे प्रेमाने सांभाळल्या जात. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा स्त्रियांची सेवा कुलीन स्त्रिया का करतात, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरच्या त्या गोष्टीने रमाबाईंच्या मनाचे दार उघडले, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याला सर्वांनी टाकले त्याच्याजवळ आधी जावे, हा धडा त्यांनी ग्रंथातून घेण्याअगोदर डोळ्यांनी पाहिला होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या व दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या. त्या काळात त्यांनी लिहिलेले पुस्तक व दिलेली व्याख्याने यांविषयी सर्वांना माहिती आहे. आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी तेथे बालोद्यान पद्धतीचे, म्हणजे किंडरगार्टनचे शिक्षण घेतले. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने ही पद्धत काढली. तिच्यात पाठांतराला पहिली जागा नाही. गोळे, ठोकळे, काड्या, रंगीत कागद, माती, गाणे, खेळ यांतून मूल शिकते. आधी हात शिकतो, मागून डोके. आता पाहा, ज्यांचे सगळे बालपण पाठांतरात गेले त्या बाईंनी ही पद्धत मुद्दाम शिकून स्वदेशी आणावी! पाठांतर सर्वांना साधत नाही हे त्यांनी ओळखले होते. बुद्धीची वाढ कमी असलेल्या मुलांना आजही जगभर शिकवतात ते हातातून, डोळ्यांतून आणि पुनःपुन्हा करून घेऊनच.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या परतल्या व ११ मार्च रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ चा धर्मांतराचा वाद, मुली काढून घेतल्या जाणे, रानडे व भांडारकर यांनी संस्थेचा संबंध सोडणे, या सर्वांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते येथे सोडून देतो. एवढेच सांगावेसे वाटते की सदनाच्या निर्वाहासाठी रमाबाईंनी पुण्याहून पूर्वेला, दौंडच्या रेल्वेरस्त्यावर, केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तिच्यात फळझाडे लावली. त्यांत संत्र्याची झाडेही होती. पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना याचे कौतुक वाटेल!

येथपर्यंतचे चरित्र विद्येचे आहे. १८९६-९७ साली आपल्या या मध्य प्रांतात जो दुष्काळ पडला त्याने त्याला वेगळे वळण लावले.

त्या दुष्काळाच्या वेळी पांढुर्ण्याला किंवा सौंसरला रेल्वे नव्हती. सौंसरला ती १९१३ मध्ये आली आणि पांढुर्ण्याला त्याच्याही नंतर. धान्य यायचे ते बैलगाडीने आणि बैलच चाऱ्यावाचून मरत होते. सरकारने १८८३ पासून दुष्काळाचे नियम घालून ठेवले होते. अंगात बळ आहे त्याने सरकारी कामावर जावे, खडी फोडावी, तळ्याची माती काढावी, आणि मोजमापाप्रमाणे मजुरी घ्यावी. ज्याला काम होत नाही त्याच्यासाठी फुकट शिधा किंवा गरीबखाना. कागदावर नियम बरा दिसतो. पण ज्या मुलीला बुद्धीची वाढ कमी, तिचे या नियमात काय होत असेल ते मनात आणा. अंगाने ती धडधाकट दिसते, म्हणून तिला कामावर धाडायचे. कामावर तिला मोजमाप कळत नाही, मजुरी कोणी हिसकावली तर सांगता येत नाही. गरीबखान्यात न्यावे तर तेथे आपल्या गावाचे आणि बापाचे नाव सांगता यावे लागते. रांगेत पुढे सरकावे लागते. जे मूल भूक लागली एवढेही नीट सांगू शकत नाही ते रांगेच्या शेवटी राहते, आणि दुष्काळात रांगेच्या शेवटी राहणे म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय अशा मुलींवर टपलेले दुष्ट लोक त्या गर्दीत हिंडत असत.

रमाबाईंनी ते गरीबखाने स्वतः हिंडून पाहिले. तेवीस वर्षांपूर्वी त्यांचे आईबाप व बहीण याच मार्गाने गेली होती. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना स्वतःचे ते दिवस आठवले. त्या वेळी त्यांच्याजवळ पैसा बेताचाच होता, जागा नव्हती, पुण्यात प्लेगचे सावट होते. तरी १८९७ साली मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात इतक्यांना ठेवायला प्लेगमुळे परवानगी मिळेना, तेव्हा केडगावच्या त्या जमिनीवर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. काही मुली इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. १९०० च्या सुमारास गुजरात व राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि मुक्तीतील माणसे दीड हजारांवर गेली.

आमचा मुद्दा येथे आहे. शाळा काढणारा मनुष्य मुले निवडून घेतो. यात दोष नाही, शाळा चालवायची तर तसे करावे लागते. शारदा सदन ही शाळा होती. पण दुष्काळातून उचललेल्या मुलींत निवड कशी करणार? महिनोन् महिने उपाशी राहिलेले मूल मलूल व मंदच दिसते. कोणते भुकेने मंद झाले आणि कोणते जन्मतः तसे आहे, हे पोट भरल्यावर काही महिन्यांनी कळते. काही मुली अन्न मिळाल्यावर फुलासारख्या उमलतात. काहींची समज तेवढीच राहते. मुक्तीत दोन्ही प्रकार होते. आंधळ्या होत्या, रोगाने अधू झालेल्या होत्या, म्हाताऱ्या होत्या, आणि ज्यांची बुद्धी वाढली नाही अशाही होत्या. त्यांना परत कोठे पाठवणार? घर नव्हतेच. अशा रीतीने जी शाळा होती तिचे घर झाले. सरस्वती ही पदवी मिळवलेली स्त्री अशा मुलींची आई झाली की ज्यांच्यासाठी सरस्वतीच्या देवळाची पायरीही उंच होती.

इतक्या माणसांचे घर चालले कसे? रमाबाई एकट्या काय करतील! शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींच्या हाती त्यांनी या नव्या मुली सोपवल्या. मोठीने धाकट्यांना न्हाऊ घालावे, जेवू घालावे, शिकवावे, रात्री त्यांच्याजवळ निजावे. हळूहळू निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळी सदने झाली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, मुलांसाठी सदानंद सदन, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, आणि वृद्ध, दुर्बळ व स्वतःचे स्वतः करू न शकणाऱ्यांसाठी प्रीती सदन. नावे किती विचार करून ठेवली आहेत पाहा. इतरांसाठी कृपा, आनंद. आणि ज्यांच्याकडून परत काहीच मिळायचे नाही त्यांच्या घराला प्रीती.

बार्तिमी सदनाची देखरेख मनोरमाबाईंनी पत्करली. त्या इंग्लंड-अमेरिकेत शिकल्या होत्या. ब्रेल नावाची उठावाच्या ठिपक्यांची लिपी त्या शिकल्या व आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवू लागल्या. विणकाम, टोपल्या करणे ही कामेही आंधळ्या मुली करीत. मुक्तीच्या आवारात माग होता, तेलाचा घाणा होता, दूधदुभते होते, शेती, शिवण, धुणे, स्वयंपाक आणि छापखाना होता. त्याचा एक मोठा लाभ असा की प्रत्येकीच्या आवाक्यातले काहीतरी काम आवारात सापडे. छापखाना ही विद्येची जागा, पण तेथेही खिळे जुळवायला तेवढे अक्षर लागते. कागद उचलून देणे, गठ्ठे नीट लावणे, घडी घालणे याला अक्षर लागत नाही. धान्य निवडणे, कपडे वाळत घालणे, तान्ह्या मुलाजवळ बसणे याला तर नाहीच. आज तज्ज्ञ लोक सांगतात की बुद्धीची वाढ कमी असलेल्या माणसाला एक काम लहान लहान पायऱ्यांत तोडून द्यावे, रोज त्याच वेळी द्यावे, आणि सोबत एक माणूस द्यावा. मोठ्या कुटुंबात हे आपोआप घडते.

आमच्या देशात अशा मुलांच्या शाळा म्हणाव्यात अशा त्या वेळी जवळजवळ नव्हत्याच. मुंबईला १९४४ साली वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्याच मुलीच्या गरजेतून शाळा काढली, ती जय वकील शाळा म्हणून आजही चालू आहे. पुण्यात कामायनी निघाली ती १९६४ मध्ये. म्हणजे मुक्तीच्या आवारात हे काम कोणी शास्त्र म्हणून शिकवण्याच्या कितीतरी आधी, केवळ घर म्हणून चालले होते.

तरीपण मुक्तीत सर्व काही आदर्श होते असे आम्ही म्हणणार नाही. इतक्या मोठ्या वसाहतीला शिस्त कडक लागते, आणि ती होती. दुष्काळाच्या मुली आणून ख्रिस्ती केल्या हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गावापासून दूर, आवाराच्या आत आयुष्य काढणे हे त्या मुलींना भाग होते, कारण त्यांचे गावच उजाड झाले होते. आज ज्या लेकराला आईबाप आहेत, गाव आहे, मंडळी आहे, त्याला दूरच्या संस्थेत नेऊन ठेवणे हा रमाबाईंचा कित्ता नव्हे. मुक्तीतून घेण्यासारखे आहे ते घर. भिंत घेण्याचे कारण नाही.

आता थोडे आपल्या भागाकडे वळतो. पांढुर्णा व सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत जिल्ह्याच्या प्रत्येक कागदासाठी छिंदवाड्याची वाट धरावी लागे. ज्या आईचे मूल बसच्या गर्दीत घाबरून ओरडते तिला ही वाट किती लांब असेल! अशा मुलांना वेडा, खुळा म्हणत. मग मतिमंद हा शब्द आला. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द सुधारले हे चांगले झाले. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात सगळी मुले लाकडी बैल घेऊन निघतात तेव्हा ते एक मूल ओट्यावरच बसलेले असते, आणि उपासनेच्या वेळी त्याची आई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते, म्हणजे मूल ओरडले तर लगेच बाहेर जाता यावे. बार्तिमय रस्त्याच्या कडेला ओरडू लागला तेव्हा त्याला गप्प बसवणारे लोक येशूच्या मागे चालणारेच होते, हे शब्बाथ शाळेत शिकवताना शिक्षकांनी मुलांच्या नजरेस आणावे.

अशा मुलांसाठी आज काही सोयी आहेत, त्या पुष्कळ आईबापांना ठाऊक नसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून ओळखपत्र मिळते. अंगणवाडीत व शाळेत सरकारी आरोग्य पथक येते, त्याला मुलाची वाढ उशिराने होत असल्याचे लपवू नये, मुद्दाम सांगावे. दोन-तीन वर्षांच्या आत ओळखले तर शिकवणे सोपे जाते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. त्याच कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करावा लागतो. मूल अठराचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईबापही त्याचे पालक राहत नाहीत, ही गोष्ट बँकेत खाते काढताना किंवा शेताच्या वाटणीच्या वेळी अचानक पुढे उभी राहते.

हे सगळे कागद मिळाले तरी त्या आईच्या मनातला एक प्रश्न उरतोच. आमच्या मागे हिचे काय? संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असते, सगळे घर बागेत असते, आणि बाप झाडाखाली बसलेल्या आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलाकडे पाहत हाच विचार करतो. भावाच्या बायकोवर भार किती टाकायचा? मंडळीने या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये. आठवड्यातून दोन दुपारी दोघींनी त्या मुलीजवळ बसून आईला बाजाराला किंवा नुसते झोपायला मोकळे करावे. संत्री निवडण्याच्या कामात त्या मुलाला एका ओळखीच्या माणसासोबत बसवावे. शब्बाथ शाळेत त्याच्या हाती दानपेटी द्यावी. एवढे दहा वर्षे चालले म्हणजे त्या मुलाला आईबापांपलीकडची आठ-दहा माणसे मिळतात. पालक नेमताना कागदावर नाव लिहायला तीच माणसे लागतात.

रमाबाईंसमोर हा प्रश्न फार कठोर रूपाने आला. त्यांच्या मागे मुक्तीचा भार मनोरमाबाई वाहतील असे सर्वांनी धरून ठेवले होते. मनोरमाबाई शिकलेल्या होत्या, कामात मुरलेल्या होत्या, आईचे कान होत्या. परंतु त्यांची प्रकृती ढासळली आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधी गेल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, बहिऱ्या, थकलेल्या आईजवळ शेकडो लेकरे उरली, आणि पोटची तेवढी गेली.

त्या वेळी रमाबाईंच्या हातात एक काम अपुरे होते. इब्री व ग्रीक भाषा शिकून त्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. हे काम त्यांनी पंधरा वर्षांहून अधिक काळ चालवले होते. प्रचलित भाषांतराची मराठी अशिक्षित स्त्रियांना जड जाते, हे त्यांनी रोज डोळ्यांसमोर पाहिले होते. म्हणून आपले भाषांतर त्यांनी मुद्दाम सोपे ठेवले. अठरा हजार संस्कृत श्लोक ज्यांच्या जिभेवर होते त्यांनी संस्कृत शब्द एकेक करून वेचून बाहेर काढले. पंडितांना ते भाषांतर आवडले नाही असे म्हणतात, आणि भाषेच्या दृष्टीने ते जागोजाग ओबडधोबड आहे हे आम्हीही मान्य करतो. पण ते कोणासाठी केले आहे हे ज्याला कळले त्याला त्या ओबडधोबडपणाचे नवल वाटत नाही. मुक्तीच्या मुलींनीच खिळे जुळवले, मुक्तीच्याच छापखान्यात फर्मे निघाले.

५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे रमाबाई झोपेतच प्रभूकडे गेल्या. मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

मुक्तीचे घर मात्र त्यांच्या मागे बंद पडले नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांनी व सहकाऱ्यांनी ते चालवले, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी केडगावला ते चालू आहे. निराधार स्त्रिया, मुले, आंधळ्या, वृद्ध आणि बुद्धीची वाढ कमी असलेल्या स्त्रिया आजही तेथे राहतात. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते.